वाफ्याच्या बांधावरची सभा

मराठी माणूस झाशीला जातो तो किल्ला पाहायला. किल्ला, राणीमहाल, मनकर्णिकेचं लग्न जिथे लागलं ते गणेशमंदिर, आणि वेळ उरला तर संध्याकाळी ओरछा. ग्वाल्हेरच्या रस्त्याला पहूज धरणाजवळ दोन संशोधन संस्था आहेत, तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. एक गवताळ कुरणं आणि चारा यांवर काम करणारी, १९६२ साली स्थापन झालेली. दुसरी शेतातल्या झाडांवर, म्हणजे कृषिवानिकीवर काम करणारी. १९८८ साली ती राष्ट्रीय केंद्र म्हणून उभी राहिली आणि २०१४ च्या अखेरीस तिला केंद्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. संगमनेरच्या गोठ्यात गाईपुढे पडणाऱ्या हिरव्या वैरणीचा आणि सांगोल्याच्या माळावर मेंढ्या खातात त्या गवताचा, दोन्हींचा संबंध या रस्त्याशी आहे.

तो कसा, हे नेपियरच्या एका ठोंबापासून सांगतो. आपल्याकडे दूधधंदा करणाऱ्याच्या बांधावर, विहिरीच्या पाटाकडेला संकरित नेपियर असतं. कुणाकडे राहुरीचं फुले जयवंत, कुणाकडे धारवाडचं डीएचएन-६, कुणाकडे उरुळीकांचनच्या बायफ या संस्थेचं बीएनएच-१०. धारवाडचं केंद्र ही झाशीच्याच चारा संस्थेची शाखा. राहुरीचं विद्यापीठ आणि बायफ झाशीशी दुसऱ्या धाग्याने जोडलेले आहेत. तो धागा म्हणजे चारा पिकांचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प. १९७० साली तो सुरू झाला आणि त्याच्या समन्वयाचं कार्यालय झाशीत आहे. पालमपूरपासून केरळातल्या वेल्लायणीपर्यंत आणि बिकानेरपासून जोरहाटपर्यंत त्याची केंद्रं पसरलेली आहेत.

व्यवस्था अशी. एखाद्या केंद्रावरच्या पैदासकाराला वाटतं, आपल्या हाताशी चांगला वाण लागला आहे. तो त्याचं बी किंवा ठोंब समन्वयाकडे देतो. तिथून ते देशभरच्या केंद्रांवर जातं आणि पाकिटावर बहुधा वाणाचं नाव नसतं, सांकेतिक क्रमांक असतो. प्रत्येक केंद्र ते आपल्या मातीत, आपल्या पाण्यावर, ठरलेल्या आकाराच्या वाफ्यांत लावतं. शेजारी तुलनेसाठी आधीचा प्रस्थापित वाण, ज्याला ही मंडळी 'चेक' म्हणतात. कापणीगणिक हिरव्या वैरणीचं वजन, वाळल्यावरचं वजन, प्रथिनं, पानाचं खोडाशी प्रमाण, सगळं नोंदलं जातं. पहिल्या पायरीत टिकला तर दुसरी, मग तिसरी. तीन पायऱ्या पार केल्यावर वाण ओळख समितीपुढे जातो, आणि त्यानंतर अधिसूचना निघते. या पद्धतीचा पहिला प्रकल्प १९५७ साली मक्यासाठी निघाला होता. गहू, भात, ज्वारी, कापूस यांचे मागून आले.

या सगळ्या यंत्रणेचा सांधा म्हणजे 'ग्रुप मीट'. खरिपाआधी एक आणि रब्बीआधी एक. कधी या विद्यापीठात, कधी त्या. देशभरचे चारा पिकांचे पैदासकार, कृषिविद्यावाले, रोगशास्त्रज्ञ, कीटकशास्त्रज्ञ एकत्र येतात, मागच्या हंगामाचे आकडे मांडतात, कुठला वाण पुढे जाणार आणि कुठला बाद होणार ते ठरवतात, पुढच्या हंगामाचा आराखडा करतात. मला या लेखात एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. या प्रचंड व्यवस्थेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा भाग म्हणजे माणसांनी असं समोरासमोर येणं, आणि खर्चकपातीची कात्री दर वेळी पहिल्यांदा तिथेच चालते.

आकडे तर ई-मेलने पाठवता येतात, मग कशाला जायचं? टाळेबंदीच्या वर्षांनी हा प्रश्न धारदार केला. बैठका पडद्यावर झाल्या, तक्ते पडद्यावर आले, निर्णयही झाले. प्रवासभत्ता वाचला. हिशेबतपासनिसाच्या नजरेने पाहिलं तर काहीच बिघडलं नाही.

आता वाफ्यापाशी चला. संकरित नेपियरच्या दोन वाणांचं हेक्टरी उत्पादन तक्त्यात सारखं दिसतं. प्रथिनं सारखी, कापण्याही सारख्या. प्रत्यक्ष उभं राहिलं की एकाच्या पानाच्या देठाला, खोडाला लपेटलेल्या भागावर बारीक ताठ लव दिसते. हात फिरवला की ती बोटात शिरते. ज्या बाईला रोज सकाळी दोन भारे कापून डोक्यावरून आणायचे आहेत, तिच्या मानेला आणि हाताला दिवसभर खाज सुटणार. ती बाई हे गवत दुसऱ्या वर्षी ठेवणार नाही, नवऱ्याला सांगून ठोंब उपटून टाकेल. तक्त्यात त्यासाठी बहुतेक वेळा रकाना नसतो. वाफ्यात उभ्या असलेल्या चार पैदासकारांपैकी एक जण पान हातात घेऊन दुसऱ्यापुढे धरतो आणि काही न बोलता विषय निघतो. कुणी खोड मोडून आत किती भरीव आहे ते बघतं. कुणी ते चावून गोडी बघतं. ऑक्झलेट किती, हे प्रयोगशाळा सांगेल. पण जनावर खाताना खालचं खोड टाकून देतं की बुडापर्यंत खातं, हे गोठ्याच्या दावणीत उरलेलं पाहूनच कळतं.

या प्रकल्पांत आणखी एक प्रथा आहे, जिचं महत्त्व बाहेरच्यांना कळत नाही. ती म्हणजे 'मॉनिटरिंग टीम'. हंगाम उभा असताना दुसऱ्या केंद्रांवरच्या शास्त्रज्ञांचं पथक येऊन ट्रायल पाहून जातं. पेरणी वेळेवर झाली का, वाफे सारखे उगवले का, एका कोपऱ्यात पाणी साचून चार वाफे पिवळे पडलेत का, शेजारच्या पिकाची सावली पडते का. पथकाने नापसंती नोंदवली की त्या ठिकाणचा आकडा कितीही देखणा असला तरी तो धरला जात नाही. कोणत्या केंद्राचे आकडे डोळे झाकून घ्यावेत आणि कुणाचे दोनदा तपासावेत, हे या पाहण्यांतून आणि बैठकांतून अनेक वर्षांत तयार होतं. ते कुठल्याही अहवालात लिहिलेलं नसतं, लिहिता येण्यासारखंही नसतं. 'त्यांनी दिलाय ना आकडा, मग बरोबर असणार', हे वाक्य ज्याच्याविषयी बोललं जातं त्याने ते कमावण्यासाठी पुष्कळ वेळा भर सभेत उभं राहून 'आमच्याकडे हा ट्रायल फसला' असंही सांगितलेलं असतं.

गवताचं शास्त्र मुळातच पायी चालून तयार झालं. १९५४ ते १९६२ या काळात देशभरच्या गवताळ भागांची जी पाहणी झाली, तिच्यावर आधारलेला 'द ग्रास कव्हर ऑफ इंडिया' हा ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७३ साली काढला. लेखक पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण. दबडघाव हे आडनाव मराठी वाचकाला सांगायला नको. भारताच्या गवताची त्यांनी पाच मोठ्या आवरणांत विभागणी केली, ती आजही आधारभूत मानली जाते. त्यातलं पहिलं आवरण पवन्या आणि मारवेल या गवतांचं. दख्खनचं पठार, माळवा, बुंदेलखंड हे सगळे त्यात येतात. म्हणजे झाशीची टेकडी आणि पुरंदरचा डोंगर गवताच्या नकाशावर एकाच रंगाचे आहेत. चराई वाढली, वणवे लागत गेले की पवन्या जातो, त्याच्या जागी कुसळी येते, आणि ती मेंढीच्या लोकरीत व हिरड्यांत रुतते. हे बुंदेलखंडात घडलं तसंच माणदेशात घडलं. दोन प्रदेशांतली माणसं एका माळावर उभी राहिली की पहिल्या पाच मिनिटांत त्यांना ते कळतं.

ग्रंथांच्या आणि आकड्यांच्या मर्यादेचं एक उदाहरण खुद्द झाशीच्या चारा संस्थेचं. देशात वैरणीची तूट किती? संस्थेच्या 'व्हिजन २०५०' या दस्तऐवजात हिरव्या वैरणीची तूट ३५.६ टक्के आणि सुक्या वैरणीची १०.९५ टक्के धरली होती. नंतरच्या अंदाजात हिरव्याची ११.२४ आणि सुक्याची २३.४ टक्के आली. काही वर्षांत चित्र असं उलटंपालटं का झालं? तूट काढायची पद्धत बदलली की आकडा बदलतो. बांधावरचं, रस्त्याकडेचं, उसाच्या वाढ्याचं, जंगलातून आणलेल्या भाऱ्याचं मोजमाप कसं धरायचं, प्रत्येक राज्यातल्या जनावराची भूक किती मानायची, यावर सगळं अवलंबून. २०१९ च्या पशुगणनेत देशात ५३ कोटींहून अधिक पशुधन होतं. एवढ्या तोंडांच्या बाबतीत गृहीतकांतला थोडा फरकही केवढा होतो! अशा गृहीतकांवरचं भांडण लेखी अभिप्रायांतून मिटत नाही. ते एका टेबलाभोवती, तासन् तास, एकमेकांना अडवत करावं लागतं.

पडद्यावर ते का होत नाही, यावर आता चांगला पुरावा आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांचं वार्षिक अधिवेशन न्यू ऑर्लिन्सला भरायचं होतं. आयझॅक वादळामुळे ते ऐनवेळी रद्द झालं. कार्यक्रम छापून झाला होता, म्हणजे कोण कोण येणार होतं हे ठाऊक होतं. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं की भेटी चुकलेल्या या मंडळींनी नंतरच्या वर्षांत एकमेकांबरोबर किती लिहिलं. एकत्र लेख लिहिण्याची शक्यता सोळा टक्क्यांनी घटली होती. न झालेल्या भेटीची किंमत इतक्या नेमकेपणाने क्वचितच मोजता येते.

दुसरा अभ्यास २०२२ साली 'नेचर'मध्ये आला. मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव यांनी माणसांच्या जोड्या केल्या, काहींना एका खोलीत बसवलं, काहींना पडद्यावर, आणि नव्या कल्पना सुचवायला सांगितल्या. पाच देशांत, त्यांत भारतही होता, एका कंपनीच्या अभियंत्यांवर हाच प्रयोग झाला. पडद्यावरच्या जोड्यांना कमी कल्पना सुचल्या. पण सुचलेल्यांतून चांगली निवडण्याचं काम पडद्यावर खोलीइतकंच नीट झालं. कारण त्यांनी शोधलं ते साधं आहे. पडद्यासमोर नजर पडद्यालाच खिळून राहते. खोलीत ती भिरभिरते, आणि नजरेबरोबर विचारही. मला या निष्कर्षाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच कामाचा वाटतो. निवड, मंजुरी, हिशेब, वेळापत्रक ही कामं पडद्यावर खुशाल करावीत. त्यासाठी कुणाला झेलम एक्सप्रेसने अहिल्यानगरहून झाशीला पाठवण्याचं कारण नाही. नवं काही सुचायचं असेल, जुनं काही मोडायचं असेल, तेव्हा मात्र पाठवलंच पाहिजे.

पहूजच्या काठावरच्या दुसऱ्या संस्थेकडे वळतो, कारण परिषदेने सरकार हललं याचं अलीकडच्या काळातलं चांगलं उदाहरण तिच्या क्षेत्रातलं आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर लावलेला साग तोडायला परवानगी लागते, तोडला तर वाहून न्यायला दुसरी परवानगी लागते, आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. या कटकटीमुळे माणूस झाड लावतच नाही. कृषिवानिकीचे अभ्यासक वर्षानुवर्षं हे सांगत होते. झाड वनखात्याचं, शेत कृषिखात्याचं, आणि शेतातलं झाड कुणाचंच नाही, अशी स्थिती होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये कृषिवानिकीची तिसरी जागतिक परिषद दिल्लीत भरायची ठरली होती. आधीच्या दोन ओरलँडो आणि नैरोबीला झाल्या होत्या. १० फेब्रुवारीला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं होतं. ६ फेब्रुवारीला केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण मंजूर केलं. असं धोरण करणारा भारत जगातला पहिला देश ठरला. दारी पाहुणे यायचे असले की घर आवरलं जातं, तसंच हे झालं असं मी मानतो. परिषद इथे नसती तर धोरण कधीतरी आलं असतंच, पण त्या आठवड्यात आलं नसतं. पुढे २०१६-१७ पासून कृषिवानिकीचं उपअभियान सुरू झालं, 'हर मेढ पर पेड' ही घोषणा आली, आणि २०१७ अखेरीस वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याने 'झाड' राहिला नाही. सगळी अडचण अजून सुटलेली नाही, पण दार किलकिलं झालं.

कृषिवानिकीच्या त्या परिषदेच्या पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, तेविसावी आंतरराष्ट्रीय गवताळ प्रदेश परिषद दिल्लीत भरली, आणि तिचं यजमानपद झाशीच्या रेंज मॅनेजमेंट सोसायटी ऑफ इंडियाकडे होतं. या परिषदांची परंपरा १९२७ साली लायप्झिगला सुरू झाली. तिथे जमलेले मोजके युरोपीय अभ्यासक मुख्यतः एकमेकांची कुरणं पाहत हिंडले होते. भारतातल्या एका मध्यम शहरातून 'रेंज मॅनेजमेंट अँड ॲग्रोफॉरेस्ट्री' हे नियतकालिक चालवणारी संस्था जगाला दिल्लीत बोलावते, ही गोष्ट आपल्या वृत्तपत्रांत फारशी आली नाही. पुढची परिषद नैरोबीला २०२० मध्ये व्हायची होती. ती वर्षभर पुढे गेली आणि अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये पडद्यावर झाली. पूर्व आफ्रिकेत परिषद नेण्याचं सगळ्यांत मोठं प्रयोजन काय होतं? मसाईंसारख्या पशुपालकांचा तो प्रदेश. त्यांच्या कुरणात जाऊन, त्यांच्याशी बोलून परत यायचं. निबंध सगळे वाचले गेले, कुरणात मात्र कुणी गेलं नाही. २०२३ साली केंटकीत लोक पुन्हा प्रत्यक्ष जमले.

प्रत्यक्ष जाऊन पाहण्याने काय घडतं, याचं उदाहरण झाशी जिल्ह्यातच आहे. बबीना गटात परासई-सिंध नावाचं पाणलोट क्षेत्र आहे. केंद्रीय कृषिवानिकी संस्था आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट यांनी २०११ पासून तिथे काम केलं. बुंदेलखंडात 'हवेली' नावाची जुनी पद्धत होती. शिवाराच्या खोलगट भागाला मातीचा बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडायचं, दसऱ्याच्या सुमारास सोडून द्यायचं आणि ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पाणी चार महिने साचल्याने विहिरी भरायच्या. बांध फुटले, देखभाल करणारं कुणी राहिलं नाही, आणि हवेल्या पडीक झाल्या. या गावांत फुटलेल्या बांधाला पक्का सांडवा करून हवेली पुन्हा उभी केली, नाल्यांवर बंधारे घातले, बांधांवर झाडं लावली. विहिरींची पाणीपातळी दोन ते पाच मीटरने वर आली. मग पाहायला माणसं येऊ लागली, अधिकारी आले, इतर गावांचे शेतकरी आले, आणि पुढे बुंदेलखंडातल्या उत्तर प्रदेशच्या सात जिल्ह्यांत हे काम नेण्याचा कार्यक्रम आखला गेला.

महाराष्ट्राला हे नवं नाही. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी पाहून आलेल्या माणसांनी किती गावांत कामं सुरू केली, त्याची मोजदाद कुणी ठेवली नसेल. भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांवर काम करणाऱ्यांनी परासईची हवेली पाहावी, आणि परासईच्या लोकांनी पांझरेकाठचे फड. सांडवा कुठल्या पातळीला ठेवला, मातीच्या बांधाची आतली बाजू कशी कललेली आहे, पाणी सोडायची तारीख गावात कोण ठरवतं आणि वरच्या शेताचा मालक खालच्याशी भांडला तर काय होतं, हे बांधावर बसून विचारलं तर सांगितलं जातं. माहितीपटात हे प्रश्नच नसतात.

जमावं लागतं, हे आपल्या जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले ते बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार असल्याची बातमी ऐकून. कर्ज फेडायला दक्षिणा मिळेल ही आशा होतीच. पण अशा यज्ञाला देशभरचे याज्ञिक जमत, पाठ तपासले जात, प्रयोगातल्या मतभेदांवर वाद होत, आणि तिथे झालेलं नाव पुढे जन्मभर पुरे. वाटेत बंडाने गाठलं आणि ते झाशीच्या वेढ्यात सापडले. 'माझा प्रवास' त्यातून आला, तो १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापला. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरात पुण्याला ठरलं होतं. पटकीची साथ आली. तेव्हा ते पुढे न ढकलता मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवलं, आणि ७२ प्रतिनिधी तिथे गेले.

असं असलं तरी आजच्या परिषदांची बाजू आंधळेपणाने घेता येत नाही, आणि मी ती घेत नाही. प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीच्या निर्देशांकाचे, गुण आले आणि शोधनिबंध वाचण्याला गुण मिळू लागले, तेव्हापासून आपल्या महाविद्यालयांत एकदिवसीय 'राष्ट्रीय' परिषदांचा महापूर आला. सकाळी दीपप्रज्वलन, दुपारपर्यंत सत्कार, जेवणानंतर पाच समांतर सत्रं, प्रत्येक निबंधाला चार मिनिटं, प्रश्नांना वेळ नाही, संध्याकाळी प्रमाणपत्र. नोंदणी शुल्क भरून माणसं आली आणि कुणाचंही म्हणणं न ऐकता गेली. १९१४ साली कलकत्त्याला सुरू झालेली इंडियन सायन्स काँग्रेस जानेवारी २०२३ मध्ये नागपूरला भरली, आणि पुढच्या वर्षीचं ठरलेलं अधिवेशन झालंच नाही. एवढी जुनी परंपरा खंडित झाली तरी कामाच्या शास्त्रज्ञांत फारशी हळहळ नव्हती. ज्या सभेत वाद होत नाही आणि जिथून कुणी नवा सहकारी जोडून परतत नाही, ती बंद पडली तर दुःख कशाचं करायचं?

खर्चाचं आणि अंतराचं ओझंही सारखं वाटलेलं नाही. मोठ्या पदावरची माणसं विमानाने जातात. प्रत्यक्ष वाफ्यात राबणारा, आकडे गोळा करणारा कंत्राटी संशोधन सहायक केंद्रावरच राहतो. तान्हं मूल असलेली शास्त्रज्ञ जाऊ शकत नाही. पडद्यावरच्या बैठकांनी अशांना पहिल्यांदा आत घेतलं, ते ऐकू शकले, बोलूही शकले. हा लाभ गमावता कामा नये. म्हणून निबंध, तक्ते, सादरीकरणं आधी पडद्यावर उरकावीत, सगळ्यांना खुली ठेवावीत. प्रत्यक्ष भेटीचे दिवस फक्त दोन गोष्टींसाठी राखावेत, वाफे आणि वाद. आणि प्रवासाचे पैसे थोडे असतील तर ते वरून खाली न देता खालून वर द्यावेत. ज्येष्ठ शास्त्रज्ञाचे संबंध जुळलेले असतात, त्याला फोनवर काम भागवता येतं. पंचविशीतल्या सहायकाला पालमपूरची आणि कोइम्बतूरची माणसं भेटली नाहीत, तर पुढची तीस वर्षं तो आपल्याच केंद्राच्या कुंपणात काम करील.

सगळ्यांत मोठी उणीव आणखी एक आहे. चाऱ्याच्या बैठकीला चारा कापणारी बाई नसते आणि कुरणाच्या परिषदेला मेंढपाळ क्वचित असतो. बुंदेलखंडात 'अन्ना प्रथा' आहे. रब्बीची कापणी झाली की गुरं मोकाट सोडायची. पूर्वी हे उन्हाळ्यापुरतं होतं, सगळ्या गावाला मान्य होतं. ट्रॅक्टर आला, बैल निरुपयोगी ठरले, वैरण परवडेना, आणि आता गुरं वर्षभर मोकाट हिंडतात. शेतकरी थंडीच्या रात्री उभ्या पिकाची राखण करत जागतात. ज्या शहरात देशाची चारा संस्था आहे त्याच शहराभोवती हे चाललं आहे. हा दोष संस्थेला देऊन भागणार नाही, कारण गवताचा वाण देणं तिच्या हाती आहे, गावाने गायरान कसं राखायचं हे तिच्या हाती नाही. पण त्यावर बोलायचं तर शास्त्रज्ञ, ग्रामपंचायतीची माणसं, पशुवैद्य आणि गुरं सोडणारा शेतकरी एका झाडाखाली बसले पाहिजेत. आपल्याकडे गायरानांवरची अतिक्रमणं आणि धनगरांच्या चराईच्या वाटा यांचंही तसंच आहे. या विषयांवरची प्रत्येक सभा शहरातल्या वातानुकूलित सभागृहात होते, त्यामुळे ज्याचं पोट त्यावर आहे तो दाराबाहेर राहतो.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. अशा वर्षात चर्चासत्रांचा पाऊस पडतो. आपल्या चारही कृषी विद्यापीठांना आणि पशुविज्ञान विद्यापीठाला माझी विनंती आहे. या निमित्ताने निदान एक सभा माणदेशात, वाड्यावर, मेंढ्या बसलेल्या असताना भरवा. झाशीहून गवत ओळखणारी माणसं बोलवा, मेंढक्यांना भत्ता देऊन बसवा, आणि त्या दिवशी व्यासपीठ घालू नका. आणि विद्यापीठांच्या कार्यकारी परिषदांवर बसून अंदाजपत्रकातल्या प्रवासखर्चाच्या ओळीवर काट मारणाऱ्या सदस्यांनी त्याआधी एकदा तरी खरिपाच्या ग्रुप मीटला जाऊन बसावं, दुपारी सगळ्यांबरोबर वाफ्यांत हिंडावं. मग काट मारायची असेल तर मारावी.